कॉम्प्युटर गरम होईपर्यंत

७ नोव्हेंबर

अभिमन्यू फोनवर म्हणाला, "वहिनी, ते कवा बंद पडतंय, काय केल्यावर बंद पडतंय, समदं लिहून ठिवा. बहिणीचं लगीन उरकलं की येतो मी." अभिमन्यू केजचा. आमच्या दुकानाचा कॉम्प्युटर पहिल्यापासून तोच बघतो. म्हणून हे लिहिणं, नाही तर मी कशाला लिहीत बसते!

वही आणली नाही. दुकानात वाया गेलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडून आहे, त्यांची मागची बाजू कोरी आहे. मी दुकानात नव्हते त्या दिवशीचं काम, पुढच्या बाजूला मुहूर्त अकरा एकेचाळीसच्या जागी अकरा सत्तेचाळीस छापला गेलाय. हे तेव्हा म्हणाले होते, "गिऱ्हाइकाचं अक्षरच कोंबडीच्या पायाचं, त्याला मी काय करू?" सगळ्या पुन्हा छापून दिल्या होत्या, पदरमोड करून.

तर नोंद. श्रावणापासून दुकान बंद होतं, तुळशीचं लग्न झाल्यावर उघडलं. सकाळी कॉम्प्युटर चालू केला आणि मागच्या खोलीत जाऊन चहा ठेवला. ह्यांचा नियमच होता तो. "कॉम्प्युटर गरम व्हायला येळ लागतो, तवर तू चहा कर." मी कप घेऊन बाहेर यायचे तोवर मशीन तयार असायचं. आज चहा झाला, मशीन तयार नव्हतं. पडद्यावर सगळं अंगठ्याएवढं मोठं दिसत होतं. पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडलं, अक्षर निवडायची चौकट उघडली, तर ती एवढी मोठी की खालचा भाग पडद्याच्या बाहेर. ओकेचं बटण कुठे दिसेना. एंटर दाबलं. अर्धा पडदा काळा झाला आणि सॉफ्टवेअर बंद.

पुन्हा चालू केलं, पुन्हा चहा केला, पुन्हा तेच. राग आला नाही. हल्ली येत नाही.

९ नोव्हेंबर

रामकिसन काका आले. आमच्या वडगावात त्यांच्या घरचं कार्य म्हणजे अर्ध्या गावाची चूल बंद. नातीचं, राजनंदिनीचं, लग्न ठरलंय. पत्रिका आणि वेशीवरचा बॅनर, दोन्ही आमच्याकडेच द्यायचं त्यांच्या मनात आहे. आधी ह्यांच्या फोटोला हात जोडले, मग म्हणाले, "रवी असता तर इचारलं बी नसतं. पण कावेरी, तुला जमंल का बाई? न्हाई तर तसं सांग, राग न्हाई. केजला देतो."

"जमेल," मी म्हणाले. तोंडातून आपोआप निघालं. मी हे काम शिकले ते ह्यांच्या खुर्चीमागे उभं राहून. गिऱ्हाइकाचा मजकूर मी मोठ्याने वाचायचे आणि हे टाइप करायचे. "तुझा आवाज लई चांगला हाय, तूच वाच," म्हणायचे. नवऱ्याने एवढं कौतुक केलेलं आमच्या मैत्रिणींत मी एकटीच असेन.

घरी सांगितलं. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बंकटला सबूद दिलाय मी." बंकट माझा चुलत दीर. त्याला आमच्या जागेत मोबाइलचं दुकान टाकायचंय. घरात सगळं ठरलं आहे. दुकान बंकटला, मी माहेरी धर्मापुरीला, "मन रमंस्तवर". माझी लेक सायली मात्र इथेच राहणार, कारण तिची शाळा इथे आहे.

"ही पत्रिका माझ्या हातून निघाली तर?" मी विचारलं.

"निघाली तर बघू."

नाही निघाली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला बरं-वाईट काहीच वाटलं नाही. सायलीची वेणी घालायची होती, ती घातली. फक्त हात मध्येच थांबला, तेव्हा ती म्हणाली, "आई, ओढ की."

१० नोव्हेंबर

आज सोमवार. मळ्यात ह्यांच्या समाधीवर बेल वाहून आलो. आत्याबाई पुढे, मी मागे. त्या माझ्याशी तुटक बोलतात असं नाही, विचारल्याशिवाय बोलतच नाहीत.

अभिमन्यूने हे लिहायला सांगितलेलं नाही, पण कागद हातात आहे तर लिहिते. श्रावणात मी धर्मापुरीला देवाच्या दर्शनाला गेले होते. तिथे माझ्या वहिनीशी वाजलं. दुपारी ह्यांना फोन केला, "आजच न्यायला या."

"सकाळी येतो की."

"सकाळचा काय मुहूर्त काढून ठेवलाय?" मी हसून नाही, चिडून बोलले.

हे गाडी काढून निघाले तेव्हा दिवेलागण होत आली होती. रस्त्याचं काम चालू होतं, कडेला खडीचा ढीग होता. त्या संध्याकाळी त्या वाटेने कितीतरी गाड्या गेल्या, सगळ्यांना तो दिसला. "एवढा मोठा ढीग, त्यालाच कसा न्हाई दिसला?" लोक म्हणतात आणि मग आवाज बारीक करून विचारतात, घेत होता का म्हणून. ह्यांनी आयुष्यात सुपारीचं खांड चघळलं नाही.

आत्याबाई तेव्हा एकदाच म्हणाल्या, "तू फोन केला नसतास तर माझा लेक घरात असता." पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. गरजच काय? खरंच आहे ते.

१२ नोव्हेंबर

नोंद. तीनदा बंद पडलं. मला वाटतं थंडीमुळे गरम होत नसावं. इतके महिने बंदही होतं. म्हणून ह्यांचा बिनबाह्यांचा स्वेटर आणून कॉम्प्युटरच्या डब्याला घातला. वरून उबदार लागतो. तरी चौकट उघडली की पडदा काळा.

एकदा मात्र बंद पडायच्या आधी 'राजनंदिनी' एवढं टाइप झालं. ते पुसलं गेलं.

रामकिसन काकांचा माणूस येऊन विचारून गेला. सांगितलं, होतंय.

१४ नोव्हेंबर

शाळेत बालदिन होता. सायलीच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "पोरगी हुशार हाय, पण फळ्यावरचं उतरवताना चुका करते. मन ठिकाणावर न्हाई तिचं, बापाचं दुःख हाय." मी म्हणाले, पुढच्या बाकावर बसवा. घरी येऊन तिला रागावले. टीव्हीला तर ती अशी चिकटून बसते की जणू बातम्या सांगणाऱ्या बाईच्या मांडीवरच बसलीय.

संध्याकाळी उंबऱ्यात अप्पांच्या काठीला अडखळून पडली. मी ओरडले, "धांदरट कुठली!" अप्पा, म्हणजे सासरे, बाजेवर होते. त्यांना दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं, असं आमच्या सोयरिकीच्या वेळी सांगितलं होतं. अप्पांनी मला विचारलं, "पडली व्हय? दिवं लावायच्या आदी का नंतर?"

मला कळेना, त्याने काय फरक पडतो. "आधी," मी म्हणाले.

आतून आत्याबाई कडाडल्या, "तुमी गप बसा." मी तिच्या गुडघ्याला हळद लावली. सायली रडली नाही, तीही माझ्यासारखीच होत चाललीय.

१७ नोव्हेंबर

अभिमन्यू आला. दारातूनच म्हणाला, "वहिनी, ह्याला स्वेटर कावून घातलाय?"

"गरम व्हायला."

तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "वहिनी, कॉम्प्युटरला गरम व्हावं लागत न्हाई. गरम झाला तर उलट बिघडतो. आतमदी पंखा कशाला बसवलाय मंग?"

"पण हे तर रोज म्हणायचे."

तो खुर्चीवर बसला आणि लगेच मागे सरकला. "बाप रे. एवढी मोठी अक्षरं?" डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेला. तिथे अक्षरांचा आणि खिडक्यांचा आकार शंभर टक्के असतो म्हणे. आमचा सव्वादोनशे होता. "हे बघा, सेटिंग वाढवली की समदंच वाढतं. नवी सॉफ्टवेअरं झेलतात. हे तुमचं जुनं हाय. त्याला वाटतं पडदाच बारका झाला. चौकट मावंना की त्याचं डोकं फिरतं आन ते मरतं."

त्याने शंभरवर आणलं. सॉफ्टवेअर उघडलं, चौकट उघडली, ओकेचं बटण जागेवर. एवढंच होतं.

"मग ह्यांचं कसं चालायचं?" मी विचारलं.

"सकाळी आदी शंभरवर आणत असतील, मंग सॉफ्टवेअर उघडत असतील. आत गेल्यावर त्यातच मोठं करून बघायचं. काम झालं की पुन्हा वर. शेवटी वर करून गेले आन ते तसंच ऱ्हायलं." मग जरा थांबून म्हणाला, "रवीभाऊला चष्मा व्हता का?"

"नाही."

"मंग लावायला पायजे व्हता," तो सहज म्हणाला आणि केबल गुंडाळायला लागला. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही त्याला.

१८ नोव्हेंबर

राजनंदिनीची पत्रिका झाली. रामकिसन काका बघून म्हणाले, "झ्याक." बॅनर उद्या छापायला जाईल. एकदाही बंद पडलं नाही.

काका गेल्यावर मी ती सेटिंग पुन्हा सव्वादोनशेवर नेली. का नेली माहीत नाही. ह्यांच्या खुर्चीवर ह्यांच्यासारखी बसले. हे पडद्याला नाक लावून बसायचे आणि मी म्हणायचे, आत शिरता का काय. एवढी मोठी अक्षरं, तरी नाक लावून.

मग एकामागून एक आठवायला लागलं. मजकूर मी वाचायचा. सुईत दोरा कधी ओवला नाही, म्हणायचे बायकांचं काम. एकेचाळीसचं सत्तेचाळीस. दिवस मावळायच्या आत दुकान बंद. बाजारपेठ हसायची, रवीला बायकोचा धाक आहे म्हणून. मलाही तेच वाटायचं आणि बरं वाटायचं. आणि चहा. रोज सकाळी मला चहाला पिटाळायचं, म्हणजे मी मागच्या खोलीत असताना अक्षरं बारीक करता यावीत.

सकाळी येतो, म्हणाले होते. सकाळी.

मी शंभरवर आणलं आणि शटर ओढलं. 

२० नोव्हेंबर

आज विचारलं. आत्याबाई शेंगा फोडत होत्या, मी समोर बसून फोडायला लागले.

"आत्याबाई, ह्यांना दिसत नव्हतं?"

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, उठून जातील. "दिवसा दिसत व्हतं," त्या म्हणाल्या.

"आणि अप्पांचं ऑपरेशन?"

"कसलं आपरेशन! त्यांच्या बापाचं बी असंच झालतं. आदी सांजचं दिसंना, मंग दिवसा बी. रवीला लगनाआदीच कळलतं. डॉक्टर म्हणाला, औषिद न्हाई ह्याला."

"आम्हाला सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर दिली असती का तुला तुझ्या बापानं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "मंग म्हणलं आता सांगावं. तर त्यानं शपत घातली. म्हणला, तिला कळलं की ती माझ्याकडं बघंल, तू अप्पाकडं बघतीस तशी."

मी शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले, "आणि तरी तुम्ही मला म्हणालात, फोन केला नसतास तर."

"मंग काय म्हणू?" त्यांचा आवाज चिरकला. "मीच मारला म्हणू? डोळ्यादेखत गाडी काढली त्यानं. दिवस मावळत व्हता. मी आडवं व्हायला पायजे व्हतं. तू फोनवर व्हतीस, मी तर दारात व्हते."

त्या रडल्या. मला रडू यायला हवं होतं. मला राग आला, इतक्या दिवसांनी, आणि तो नेमका कोणावर ते कळेना. ह्यांच्यावरही आला. माझ्या आवाजाचं कौतुक करत होते! उठून पाणी प्याले आणि त्यांनाही दिलं.

तेव्हा बाजेवरून अप्पा म्हणाले, "पोरीचं सांग तिला. ती दिवं लावायच्या आदी पडली."

आत्याबाईंनी पदर तोंडात धरला. सायली अंगणात टीव्हीतलं गाणं म्हणत होती.

२२ नोव्हेंबर

दवाखान्यात असतो तसा अक्षरांचा तक्ता मी कॉम्प्युटरवर केला. वर मोठा 'क', मग खाली खाली बारीक. शेवटची ओळ मुंगीएवढी. करताना सायली शेजारी बसून बघत होती, कुठलं अक्षर कुठे ठेवते म्हणून विचारत होती. असं कितीतरी दिवसांनी बसलो.

तक्ता दुकानाच्या भिंतीला लावला. तिला शटरपाशी उभं केलं. आत्याबाईही आल्या होत्या. दुकानात त्या श्रावणानंतर आजच आल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने तिचा एक डोळा झाकला, मग दुसरा. तिने वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. शेवटची ओळसुद्धा, न अडखळता.

आत्याबाईंनी तिथेच खाली बसून गळ्यातल्या लिंगाला हात लावला. म्हणाल्या, "धडधाकट हाय गं माझी बाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बंकटला मी सांगते. दुकान तुझं हाय. लेकरू बी तुझ्यापाशीच ऱ्हाईल." मी हसले असेन, कारण सायली माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

२३ नोव्हेंबर

रविवार. सायली अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती आणि प्रत्येक उडीला एक अक्षर म्हणत होती. क, ग ठ, म ळ श. माझ्या तक्त्यातली, त्याच क्रमाने.

मी दुकानात गेले. वरच्या ओळी तशाच ठेवल्या आणि खालच्या ओळींतली अक्षरं बदलून नवा तक्ता काढला. त्याच खिळ्याला लावला. तिला बोलावलं, शटरपाशी उभं केलं, डोळा झाकला.

"वाच."

तिने वाचलं. वरपासून खालपर्यंत, न अडखळता. कालचंच सगळं.

मी तिच्यासमोर खाली बसले. ओरडायचं नाही, एवढं ठरवलं होतं. "सायली, तुला दिसतंय का ते?"

तिने नाही म्हणून मान हलवली. "वरचं दिसतं."

"मग काल का गं वाचलंस?"

"आज्जी खूश झाली," ती म्हणाली. मग बुटाच्या टोकाने फरशी घासत म्हणाली, "आन तू हसलीस."

मला रडू आलं. ह्यांच्या वेळी न आलेलं, समाधीवरचं, स्वेटरचं, सगळंच आलं. सायली घाबरली, म्हणाली, "पुन्हा न्हाई करणार." मी म्हणाले, "पुन्हा असंच खरं सांगायचं. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं. मला, बाईंना, सगळ्यांना. लाज वाटायचं काही नाही त्यात. कळलं?" तिला कळलं की नाही माहीत नाही. मला तिच्या बापाला हे सांगायचं होतं.

उद्या सकाळच्या गाडीने अंबाजोगाईला, डोळ्याच्या दवाखान्यात. घरी सांगितलं तेव्हा आत्याबाईंनी जाऊन लुगडं काढून ठेवलं, म्हणजे त्याही येणार. औषध नाही म्हणतात. नसेना. अभिमन्यू म्हणाला होताच, नवी सॉफ्टवेअरं मोठी अक्षरं झेलतात. झेलणारं काय काय असतं ते बघू.

दुकानातून निघायच्या आधी शटरवर लावायला कागद केला. 'उद्या दुकान बंद. परवा उघडेल.' आधी नेहमीच्या अक्षरात छापला. मग तो टाकला आणि अक्षरं वाढवत गेले, 'उद्या' एका कागदावर, 'दुकान' एका कागदावर, असे पाच कागद होईपर्यंत. सगळ्या शटरभर चिकटवले. येणारे-जाणारे बघायला लागले.

सायलीला हात धरून रस्त्याच्या पलीकडे नेलं, आणि तिने तिथून वाचलं.